बोल्टावरची रेघ

दाभोळ
११ नोव्हेंबर २०२४

आप्पा,

फोन करून उपयोग नाही हे मला माहीत आहे. गोदाआत्या तुमच्या कानाला फोन लावतात, तुम्ही थोडा वेळ धरता आणि परत त्यांच्या हातात देता. बोटीच्या इंजिनाशेजारी सगळं आयुष्य गेलं, आता फोनमधलं काय ऐकू येणार. पण वाचता तुम्ही सगळं, चण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. म्हणून लिहिते.

मी बरी आहे. माडाच्या झावळ्या उतरवून घेतल्या. मागच्या दाराची कडी बसवली.

गाडी अंगणातच आहे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण आपण दोघं एकदाही बोललो नाही, म्हणून लिहून ठेवते. ऑगस्टमध्ये संदेश बोटीवर गेला तेव्हा गाडी फेरीबोटीच्या धक्क्याजवळ लावून गेला. बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. बाकीचे पोहत आले. तुम्ही म्हणालात, आला की ठेवली तिथेच गाडी शोधेल, हलवायची नाही. मी दसऱ्यापर्यंत हलवली नाही. मोठ्या भरतीला खारं पाणी चाकांना लागत होतं. दारांच्या खालून गंज धरला होता. दसऱ्याला धुवायला म्हणून घरी आणली, हार घातला आणि परत नेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची ट्रंक पायरीवर होती. तुम्ही म्हणालात, "तू त्याला सोडलंस." मग केळशीची एसटी आली आणि तुम्ही गोदाआत्यांकडे गेलात.

लग्न झाल्यावर गाडी चालवायला मला त्यानेच शिकवलं होतं.

आता कामाचं. काल इंजिनातली ऑईल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑईल काळं झालं आहे, बोटांत चोळलं तर खरखरतं. दरवर्षी शिमग्याआधी तो घरीच बदलायचा. पुढची चाकं चिऱ्यांवर चढवायची, खाली पडायचं, तळाचा बोल्ट उघडायचा. तुम्ही पडवीतून ओरडायचात की ही पद्धत चुकीची आहे. तो खालून ओरडायचा की तुमची बोटीची पद्धत गाडीला चालत नाही. मी दोघांना चहा द्यायचे. कोणाचं बरोबर ते मला तेव्हा विचारायला सुचलं नाही.

आता विचारते. कसं बदलू?

रुपाली

दाभोळ
२ डिसेंबर २०२४

आप्पा,

तुमचा कागद मिळाला. कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं. वर नाव नाही, खाली सही नाही. तुम्ही लिहिलंत ते असं:

"इंजिन गरम कर. बंद कर. पट्टीच्या भोकातून नळी घाल, तळाला टेकेपर्यंत. पंप मार. नाक वर ठेव. तळाचा बोल्ट उघडू नये. तो त्याने लावला आहे."

तब्येतीचं काहीच नाही. अक्षर पूर्वीपेक्षा हललेलं आहे. आत्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, जेवतात, पोफळीच्या वाडीत फिरतात, सुपाऱ्या गोळा करून ठेवतात, कोणाशी बोलत नाहीत.

हितेशला कागद दाखवला. शेजारच्या आवडाकाकींचा हितेश दापोलीला गॅरेजमध्ये असतो हे तुम्हाला माहीतच आहे. संदेश आणि तो एका बाकावरचे. तो आणि काकी पडवीत बसले होते. हितेशने कागद दोनदा वाचला आणि मान हलवली.

"वयनी, पंपानं वरचं वरचं येतं. कालवणातलं पाणी ओढून घेतलं नि खडे टोपात तसेच, असं होतं. गाळ तळाला बसतो. बोल्ट उघडला की सगळं आपल्या वजनानं खाली."

काकी म्हणाल्या, "माझ्या कालवणात खडे कधी सापडले रे तुला, मेल्या?"

"आये, उदाहरण दिलं मी."

"उदाहरणात पण घालू नको."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी हसलं, आणि हसल्यावर मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं.

हितेश अगदीच तुमच्या विरुद्ध नाही. तो म्हणाला, शहरातल्या काही मोठ्या गॅरेजांत आता पंपच वापरतात. गाडीखाली जावं लागत नाही, गरम ऑईल हातावर येत नाही, बोल्टाचे आटे झिजत नाहीत. पण ती गाडी नवी असते, ऑईल वेळच्या वेळी बदललेलं असतं. आपलीत मिठाच्या हवेचं पाणी आणि धूळ गेलेली आहे, ती खालूनच निघेल असं त्याचं म्हणणं. आणि फिल्टर काही झालं तरी हातानेच फिरवून काढायचा, तो पंपातून येत नाही.

तुम्ही संदेशला नेहमी म्हणायचात, बोटीचं ऑईल खालून काढायचं तर बोट उलटी करू काय. तो पोट धरून हसायचा. ते वाक्य आता या घरात कोणी बोलत नाही. मी लिहिलं. कुठेतरी लिहायला हवं होतं.

तुम्ही सांगितलंत तसंच करीन. बोल्टाला हात लावणार नाही. पण तो त्याने लावला आहे एवढंच कारण असेल, तर आप्पा, या घरात त्याने लावलेलं पुष्कळ आहे. नळाची तोटी, देवघराचा बल्ब. ती तोटी मी रोज उघडते.

रुपाली

दाभोळ
१६ डिसेंबर २०२४

आप्पा,

काल ऑईल बदललं.

तुमचा पितळी पंप माळ्यावर होता, जुन्या लुंगीत गुंडाळलेला. चामडं सुकलं होतं, खोबरेलात भिजवून ठेवलं तेव्हा दट्ट्या चालू लागला. हितेशने टोकाला बारीक नळी बसवून दिली आणि म्हणाला, आता तुम्ही आणि आप्पा जाणे, मी फक्त बघणार. त्याला दुपारी कामावर जायचं होतं, तेवढंही बघितलं नाही.

गल्लीच्या चढावर गाडीचं तोंड डोंगराकडे करून उभी केली. नाक वर. चाकांमागे दगड लावले. इंजिन गरम केलं, बंद केलं, पट्टी काढली, नळी आत सोडली. खाली टेकल्याचं बोटांना कळलं. पहिले काही हात नुसती हवा आली. मग नळी काळी झाली.

तो काळा रंग मी आधी पाहिलेला आहे, त्याच्या नखांत. साबणाने जायचा नाही. जेवताना आई त्याला ओरडायच्या ते मला आठवतं, त्या असताना.

पत्र्याच्या मोकळ्या डब्यात ऑईल काढलं. फिल्टर हाताला आला नाही तेव्हा भोवती फडकं आवळून फिरवला. नवा लावला. वरून नवं ऑईल ओतलं, थोडं थोडं, मधून मधून पट्टी बघत. पट्टीवर कमी दिसत होतं म्हणून आणखी ओतलं. शेवटी दोन खुणांच्या मध्ये आलं. डबा जवळजवळ संपला.

एक गोष्ट लक्षात आली. जितकं काढलं त्याच्यापेक्षा आत गेलं ते जास्त आहे. म्हणजे जुनं थोडं खाली राहिलं असेल. हितेश म्हणाला होता तसं.

ते राहिलं याचं मला वाईट वाटलं नाही. ते त्याने भरलेलं होतं.

गाडी सुरू केली. बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, तुम्ही बोटीवर इंजिनावर ठेवायचात तसा. ऐकू येईना झाल्यापासून तुम्ही इंजिन तळव्याने ऐकता असं संदेश सांगायचा. मला हातात फक्त थरथर कळली. तुम्ही असतात तर त्यातलं आणखी काही कळलं असतं.

काढलेलं ऑईल पायरीखाली ठेवलं आहे, झाकण लावून.

रुपाली

दाभोळ
९ जानेवारी २०२५

आप्पा,

मागच्या पत्रांत एक गोष्ट लिहिली नव्हती. आता लिहिल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

दिवाळीनंतर मी रोज सकाळी गाडी दापोलीला नेते. आवडाकाकी आणि त्यांच्या मासळीच्या टोपल्या घेऊन. एसटीत टोपल्या चढवू देत नाहीत, टेम्पो वेळेवर मिळत नाही. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. संदेश गाडीत सुके सोडेसुद्धा आणू द्यायचा नाही हे मला माहीत आहे. आता गाडीला म्हावऱ्याचा वास आहे, धुतला तरी जात नाही. पहिल्या दिवशी मी काकींना मागे बसा म्हटलं, पुढची सीट त्याची म्हणून. त्या म्हणाल्या, "मागं कशाला बसवतेस गो? मी काय टोपली हाय?" आणि पुढे बसल्या. दुसऱ्या दिवशी मी काही म्हटलं नाही.

ऑईल बदलल्यापासून गाडी मागे थोडा धूर सोडायची, मी तो थंडीचा समजले. परवा दापोलीच्या वाटेवरच्या पहिल्या चढाला गाडी जड झाली. काकी मागे वळून बघत म्हणाल्या, "गो बायो, आपल्या मागं धूर कसला? टोपल्यांत तर बर्फ हाय." आरशात काहीच दिसत नव्हतं, नुसता निळसर पांढरा धूर. जळक्या ऑईलचा वास आला. मी कडेला घेऊन गाडी बंद केली. काकींच्या टोपल्या रस्त्यावर उतरवल्या. एका टेम्पोवाल्याने नेल्या. मी गाडीजवळ बसून राहिले. त्या वेळात मला एकच वाटत होतं, की त्याच्या गाडीचं इंजिन माझ्या हातून गेलं.

हितेश आला. त्याने गाडी ढकलून रस्त्याच्या सपाट भागावर आणली, थोडं थांबला आणि पट्टी काढली. पट्टी खुणांच्या कितीतरी वरपर्यंत भिजलेली होती.

"वयनी, ह्याच्यात दोन गाड्यांचं ऑईल हाय."

मी म्हटलं, पट्टी बघूनच भरलं.

"कुठं उभी करून बघितली?"

"चढावर. नाक वर करून. आप्पांनी लिहिलं होतं."

त्याने पट्टी फडक्याने पुसली. मग त्याने समजावलं. बोटीत इंजिन मुळातच तिरकं बसवलेलं असतं, मागे उतार करून. त्याची पट्टी आणि पट्टीवरच्या खुणा त्या उतारासाठीच केलेल्या असतात. गाडीची पट्टी सपाट जमिनीसाठी असते. नाक वर केलं तर ऑईल मागे सरकतं, आणि आपल्या गाडीची पट्टी पुढच्या बाजूला आहे. म्हणून नळीला कमी मिळालं, जुनं खूपसं आतच राहिलं. आणि भरताना पट्टीवर कमी दिसलं, म्हणून मी ओतत गेले.

तुम्ही बरोबर लिहिलं होतंत, आप्पा, पण बोटीचं. मी विचारायला हवं होतं, तेही विचारलं नाही. गल्लीत सगळी माणसं बोटीवरची. मला ओतताना चौघांनी पाहिलं, चढ कोणालाच खटकला नाही.

इंजिन गेलेलं नाही. हितेशने तिथेच पंपाने जास्तीचं काढून घेतलं, गाडी हळूहळू घरी आली. पण आतलं ऑईल आता फेसाळून खराब झालं आहे आणि तळाचा गाळ ढवळून वर आला आहे. तो म्हणतो, आता खालून उघडल्याशिवाय गाडी चालवायची नाही. चालवली तर इंजिन खरोखर जाईल.

संध्याकाळी तो बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. मी पान्यांची पेटी देत होते. त्याने पाना मागितला नाही. म्हणाला, "वयनी, खाली वाकून बघा."

मी जमिनीला गाल लावून पाहिलं. ऑईलच्या चेंबरच्या तळाला तो बोल्ट आहे. बोल्टाच्या डोक्यावरून चेंबरच्या पत्र्यावर एक लाल रेघ ओढलेली आहे. बोटीच्या कडेच्या पट्ट्याला लावतात त्या लाल रंगाची. बारीक, सरळ, बोल्टावरून पत्र्यावर सलग गेलेली.

हितेश म्हणाला, गाडीला कोणी असं करत नाही. ही बोटीची सवय. इंजिनाच्या हादऱ्याने बोल्ट सुटतो, म्हणून आवळल्यावर वरून रेघ ओढायची. बोल्ट एवढासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. "हे त्याला आप्पांनीच शिकवलं असणार," तो म्हणाला.

तुमची पद्धत गाडीला चालत नाही असं म्हणणारा माणूस खाली जाऊन हे करून ठेवायचा. तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. पडवीतून तेवढं दिसत नाही.

रेघ तुटलेली नाही.

मी हितेशला पाना लावू दिला नाही. तुम्ही उघडू नको म्हणालात, तेव्हा मला तो हट्ट वाटला होता. आता मलाच उघडवत नाही. गाडी चालवता येत नाही आणि उघडवतही नाही, अशी उभी आहे. सांगा.

रुपाली

दाभोळ
३ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

तुमचं उत्तर आलं नाही.

आत्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, पत्र वाचलंत, घडी करून खिशात ठेवलंत आणि वाडीत जाऊन बसलात. जेवायला बोलवायला गेल्या तर म्हणालात, "माझ्यामुळे त्याची गाडी जळली असती."  आप्पा, गाडी जळलेली नाही. मी हे पुन्हा लिहिते, कारण आत्या सांगतात ते तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही माझं पत्र पुन्हा उघडत नाही असं त्या म्हणतात. गाडी नीट आहे. फक्त उभी आहे.

काकी एसटीने जातात. टोपली मांडीवर घेतात. काल दारातून जाताना म्हणाल्या, "गाडीला काय पूजेला बसवलीस काय गो?" मी किल्ली खुंटीला लावून ठेवली आहे.

दुसरं म्हणजे माझा भाऊ स्वरूप येऊन गेला. विरारला त्याच्या ओळखीने एका पाळणाघरात काम आहे. त्याने विचारलं, इथे तू कोणासाठी थांबली आहेस. मी म्हटलं, आप्पांसाठी. तो म्हणाला, ते तर इथे नाहीत. 

त्याला मी शिमग्यापर्यंतचं सांगितलं आहे. पालखी दारात येते तेव्हा घर उघडं असलं पाहिजे, तेवढं मी करीन. तोवर तुम्ही आलात तर मी जात नाही. नाही आलात तर पालखी पुढे गेल्यावर घराला कुलूप लावून किल्ली काकींकडे ठेवीन. हे रागाने लिहीत नाही. एकटीने हे घर कशासाठी उघडं ठेवायचं ते मला कळेनासं झालं आहे.

आणि तिसरं. इथल्या आपल्या वाडीतली माणसं आली होती. संदेशच्या दिवसकार्याचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, वडील केळशीला आहेत, ते सांगतील. मी तुमच्या मागे लपले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, मी त्याला सोडलं. ते खरं नव्हतं. मी फक्त गाडी खारात कुजू नये म्हणत होते. संदेश येणार नाही असं मी तोपर्यंत कोणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. फेरीबोटीचा भोंगा झाला की मी अजून दाराशी जात होते. तुम्ही तिकडे खिडकीशी उभे असायचात, मी इकडे दाराशी. एकमेकांना दिसत नव्हतो.

आता म्हणते. आप्पा, संदेश येणार नाही.

हे तुमच्यासमोर म्हणायचं होतं. तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण तोंडाकडे बघून कळलं असतं.

रुपाली

दाभोळ
२१ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

थोडंच लिहिते.

सामान बांधायला घेतलं. तुमच्या खोलीतलं काही हलवलेलं नाही. माळ्यावर संदेशची पान्यांची पेटी आहे, ती हितेशला देऊ का? तो नको म्हणतो. तळाशी लाल रंगाची छोटी डबी आहे, झाकण चिकटलेलं. उघडून पाहिली तर रंग दगडासारखा झाला आहे. बाजूला एक बारीक कुंचला, केस कापून अगदी चारच ठेवलेले. रेघ ओढायचाच तो.

पंप धुऊन, पुसून परत लुंगीत गुंडाळून ठेवला आहे. गाडीचं काय करायचं ते तुम्ही लिहा. नाही लिहिलंत तर झाकून ठेवीन.

वाडीत ऊन फार असेल, दुपारचे बसू नका.

रुपाली

केळशी
४ मार्च २०२५

रुपाली,

पत्रं सगळी मिळाली. गोदा म्हणते मी उघडत नाही. ती झोपली की उघडतो.

लिहायला वेळ लागला. हात हलतो.

रेघेचं मला माहीत नव्हतं. त्याला मी बोटीवर दाखवलं होतं, तेव्हा तो शाळेत होता. मी रेघ ओढायचो, तो डबी धरायचा. म्हणायचा, आप्पा, रेघ कशाला, बोल्ट घट्ट आवळ म्हणजे झालं. मी म्हणायचो, घट्ट सगळेच आवळतात, सुटल्याचं कळलं पाहिजे. एवढंच बोलणं झालं होतं. पुढे तो गाडीचा झाला. मला वाटलं विसरला.

नाक वर ठेव हे मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं. गाडीचं वेगळं असतं हे तो मला सांगायचा. मी ऐकत नव्हतो. तेव्हा मला ऐकू येत होतं.

आता नीट वाच.

मला न्यायला गाडी इथे आणू नकोस, धूर होईल. मी एसटीने येतो. होळीच्या आधीच्या सोमवारी, सकाळच्या गाडीने. गोदा येते म्हणते, तिला येऊ दे.

गाडी हितेशकडून ढकलत धक्क्याजवळ न्या. संदेशने ठेवली होती तिथेच उभी करा. तिथे जमीन सपाट आहे, आपल्या गल्लीत कुठेच नाही, अंगणालाही उतार आहे; भरून झालं की तो गाडी तिकडे न्यायचा. त्याने ती जागा त्यासाठीच धरली होती की काय ते आता कोणाला विचारणार. खालून काढताना पुढची चाकं चिऱ्यांवर, तो करायचा तशी. चिरे चांगले बघून घ्या, भिजलेले नकोत, मागच्या चाकांना दगड लावा. भरताना चिरे काढायचे, गाडी सपाट आणायची, थोडं थांबायचं, मगच पट्टी बघायची.

बोल्ट उघडायचा. खाली मी जाईन. हितेशला सांग मध्ये पडू नको. आयुष्यभर बोटीच्या इंजिनाखाली जायला जागा मिळाली नाही, गाडीखाली जागा आहे.

रेघ तुटेल. तुटू दे. मी आधी बघून घेईन, मग पाना लावीन.

सगळं उतरू दे. घाई करायची नाही. धार जाते, मग थेंब येतात, ते पुष्कळ वेळ येतात. थेंब थांबेपर्यंत बोल्ट लावायचा नाही. तेवढा वेळ बसायला दोन पाट घेऊन ये. त्या वेळात तू मला तोंडाकडे बघून जे सांगायचं ते सांग. मी वाचलं आहे. तरी सांग.

कार्याचं वाडीला मी सांगतो. ते तुझ्याकडे नको.

जुनं ऑईल फेकू नकोस, पायरीखालचंही. परड्यातली छोटी होडी उपडी पडली आहे, तिचं लाकूड सुकलं असेल. तिला लावू.

काकीला सांग, टोपल्यांचा वास गेला नाही तरी चालेल. पुढे बसू दे.

विरारचं तू ठरव. मी आलो म्हणून थांब असं मी म्हणणार नाही. पालखीला मी दारात असेन.

लाल रंग इथे होड्यांच्या माणसाकडे मिळाला. लहान डबी आणतो आहे. तो कुंचला ठेव, धुऊन मऊ होईल. बोल्ट मी आवळीन, पण माझ्या हाताने आता रेघ यायची नाही. रेघ तू ओढ. वाकडी आली तरी चालेल. बोल्टावरून पत्र्यावर सलग गेली पाहिजे.

आनंदा